टीडीएस कमी, तरी श्रिंप मरतात? आरओच्या पाण्यातलं तांबं आणि टाळायच्या चुका

सोलापुरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत बोअर, आणि ते पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. त्यामुळे फिशटँकसाठी आरओचं पाणी घेणं योग्यच. पण मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १५, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि तरीही पाणी बदललं की एक-दोन श्रिंप (टँकमधल्या छोट्या कोळंब्या) मेलेले, गोगलगायी शंखात आक्रसलेल्या, मासे मात्र ठणठणीत. असं होत असेल तर पहिला संशय तांब्यावर घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टीडीएस मीटरवर विसंबणं. मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतो, पाण्यात नेमकं काय विरघळलंय ते त्याला कळत नाही. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तांबं मिसळलं तर आकडा जेमतेम एकाने हलेल, पण श्रिंपला त्याचा दहावा हिस्साही घातक ठरू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे आपण बिनघोर पितो ते पाणी श्रिंपचा जीव घेऊ शकतं. त्यात जड पाण्यातलं कॅल्शियम तांब्याचा जोर थोडा कमी करतं, आरओच्या मऊ पाण्यात तेही नसतं.

आरओची मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) चांगली असेल तर बहुतेक तांबं तिथेच अडतं. ते मिसळतं पुढच्या टप्प्यावर. हल्ली घरगुती प्युरिफायरमध्ये आरोग्यासाठी म्हणून कॉपर कार्ट्रिज असते, तिचं कामच पाण्यात तांबं सोडणं. टँकसाठी मेम्ब्रेननंतर आणि या कार्ट्रिजच्या आधी वेगळी नळी काढून घ्या, मेकॅनिकला हे काम अवघड नाही. चव यावी म्हणून टीडीएसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला असेल तर बोअरचं थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून येतं, तोही बंद करा.

पितळी तोटी आणि पितळी जोड बदला. क्षार काढलेलं पाणी धातू लवकर विरघळवतं, रात्रभर तोटीत साचून राहिलेलं तर जास्तच, आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी तापलं की आणखी वेगाने. प्लास्टिकचा जोड बसेपर्यंत सकाळचं पहिलं पाणी झाडांना घाला. तांब्याच्या हंड्यात किंवा जस्ताच्या बादलीत टँकचं पाणी कधीच साठवू नका. खाण्याच्या वस्तूंसाठीचा प्लास्टिकचा कॅन उत्तम.

अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले म्हणजे धातूही गेले, हा समज चुकीचा आहे. साधे थेंब फक्त क्लोरीन घालवतात. जड धातू बांधून ठेवणारं कंडिशनर वेगळं मिळतं, लेबल वाचून घ्या. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबं असतं, श्रिंप असलेल्या टँकमध्ये ती वापरू नका.

तांबं टँकमध्ये गेलंच असेल तर एकदम सगळं पाणी बदलू नका, त्या धक्क्यानेही श्रिंप मरतात. थोडं थोडं बदला, फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. तांब्याचं टेस्ट किट आणून मेम्ब्रेनची नळी, तोटी, कॅन आणि टँक यांचं पाणी वेगवेगळं तपासा. जिथे रंग पहिल्यांदा बदलेल, त्याच्या लगेच आधीचा जोड आधी काढा. किट अगदी कमी प्रमाण पकडत नाही, म्हणून सगळीकडे शून्य आलं तरी पितळी तोटी ठेवू नका.