फोल्डरवरून मेनू आपोआप बनवणारी पीएचपी स्क्रिप्ट

गोव्यातल्या उत्सवांची माहिती देणारे संकेतस्थळ धरून चालू. रचना तीन पायऱ्यांची: तालुका, गाव, उत्सव. डिचोलीत शिरगाव, शिरगावात लईराईची जत्रा; फोंड्यात म्हार्दोळ, म्हार्दोळात जायांची पूजा. प्रत्येक नव्या गावासाठी एचटीएमएल उघडून मेनूत ओळ घालायची, तीही प्रत्येक पानावर, हे काम समितीतल्या कार्यकर्त्याकडून होणार नाही आणि होऊही नये. त्याने फोल्डर चढवावा, मेनू सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेतल्या स्क्रिप्टने बनवावा.

आधी नावे ठरवा. फोल्डरचे नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता द्या. देवनागरी नाव चालते, पण दुव्यात त्याचे हाल होतात. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरे साठवण्याची नेहमीची पद्धत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि दुव्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘पेडणे’ या शब्दात काना-मात्रा धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरे. व्हॉट्सॲपवर असा दुवा पाठवला की वाचणारा घाबरतो.

मग मेनूत मराठी कसे दिसणार? प्रत्येक फोल्डरमध्ये एका ओळीची साधी मजकूर फाइल ठेवा आणि तिच्यात ‘पेडणे’ एवढेच लिहा. स्क्रिप्ट ती वाचेल. फाइल नसेल तर फोल्डरचे नाव दाखवेल. फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय जतन करा. बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटणारे ट्रिम फंक्शन ते काढत नाही, त्यामुळे ते नावाला चिकटून राहतात आणि दिसायला सारखी असलेली दोन नावे तुलनेत वेगळी ठरतात.

क्रमासाठी फोल्डरच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे लावा, इंग्रजी अंकांत, आणि दाखवताना स्क्रिप्टमध्ये ते कापा. तालुके १२ आहेत. आकडा न लावल्यास रोमन वर्णक्रमाने बार्देश पहिला येतो. वाचकाला मात्र पेडण्याहून काणकोणकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे जायची सवय असते. शून्य गाळून १, २ लिहिले तर १० हा २ च्या आधी बसतो. मराठी शीर्षकांवरून क्रम लावायचा मोह टाळा. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल ला लागून येतो आणि क्ष हा क च्या घरात जातो. पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनमधला (जोडभागातला) कोलेटर, म्हणजे भाषेच्या नियमांनी क्रम लावणारा भाग, मराठीसाठी वापरता येतो, पण स्वस्त होस्टिंगवर ते एक्स्टेंशन असेलच असे नाही.

आता मुख्य काम. स्कॅनडिर या फंक्शनला फोल्डरचा पत्ता दिला की आतल्या नावांची यादी मिळते. तिच्यात एक टिंब आणि दोन टिंबे अशी दोन नावेही असतात: पहिले म्हणजे तोच फोल्डर, दुसरे म्हणजे त्याच्या वरचा. ती गाळली नाहीत तर स्क्रिप्ट स्वतःभोवतीच फिरत राहते. टिंबाने किंवा अंडरस्कोरने सुरू होणारे प्रत्येक नाव सरळ सोडून द्या, म्हणजे ही दोन्ही आणि सर्व्हरच्या लपवलेल्या फाइली एकदमच वगळल्या जातात.

सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती पुढच्या पायरीवर. हे नाव फोल्डरचे आहे का ते सांगणाऱ्या इज_डिर ला नुसते नाव दिले जाते, आणि पीएचपी ते नाव चालू पानाच्या फोल्डरमध्ये शोधते. तिथे ते नसते, उत्तर ‘नाही’ येते आणि मेनू रिकामा राहतो. चूक झाल्याचा संदेशही दिसत नाही. मुळाचा, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरचा पत्ता, तिरकी रेघ आणि नाव असा पूर्ण पत्ता जोडूनच विचारा. मुळाचा पत्ता डिर या स्थिरांकावरून घ्या (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेला; स्क्रिप्टची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता तो देतो). म्हणजे मेनू मुखपृष्ठावर बरोबर आणि आतल्या पानावर गायब, असे होत नाही.

फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावत आत उतरेल. खोलीची मर्यादा तीन ठेवा आणि इज_लिंक तपासून सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा नुसता दुवा) टाळा. आतली यादी आधी तयार करा. ती रिकामी असेल तर यूएल (यादीचा) टॅग छापूच नका. आतला यूएल हा एलआयच्या (यादीतल्या एका नोंदीच्या टॅगच्या) पोटात यायला हवा, तो बंद केल्यानंतर नाही.

छापताना दोन गोष्टी. शीर्षक एचटीएमएलस्पेशलचार्समधून काढा, म्हणजे त्यातली चिन्हे टॅग समजली जात नाहीत. दुव्यातला प्रत्येक तुकडा रॉयूआरएलएनकोडमधून (दुव्यात न चालणाऱ्या अक्षरांचे संकेत करणारे फंक्शन) वेगवेगळा काढा आणि मग तिरक्या रेघेने जोडा. पूर्ण पत्ता एकदम दिलात तर रेघांचेही संकेत होतात आणि अपाची हा सर्व्हर ४०४ (पान सापडले नाही) दाखवतो.

कोणता फोल्डर उघडायचा हे पत्त्यातून घेत असाल तर रिअलपाथने खरा पत्ता काढा आणि तो मुळाच्या पत्त्याने, शेवटच्या तिरक्या रेघेसकट, सुरू होतो का ते पाहा. ही तपासणी नसेल तर कोणीही दोन टिंबे लिहून पासवर्डच्या फाइलीपर्यंत पोहोचू शकतो. यात तडजोड नको. एचटीॲक्सेस या अपाचीच्या सेटिंगच्या फाइलीत ऑप्शन्स मायनस इंडेक्सेस ही ओळही घाला, नाहीतर मेनूत लपवलेले अपाची स्वतःच्या यादीत उघडे करतो.

शेकडो फोल्डर झाले की तयार मेनू एका फाइलीत साठवा आणि दर ६०० सेकंदांनी नव्याने बनवा. मुळाच्या फोल्डरची बदलाची वेळ पाहून ठरवू नका: ती फक्त त्याच फोल्डरमध्ये काही घातले-काढले की बदलते, दोन पायऱ्या खाली नवे गाव आले तर नाही. साठवताना आधी तात्पुरत्या फाइलीत लिहा, मग रीनेम करा. अर्धा मेनू कोणाला दिसणार नाही. परवानग्या फोल्डरला ७५५, फाइलीला ६४४. ७७७ (कोणालाही लिहायची मुभा) देऊन मोकळे होऊ नका. दहा मिनिटांचा हा उशीर कार्यकर्त्यांना सांगून ठेवा, नाहीतर तेच फोटो दोनदा चढतात.

घरच्या विंडोजवर चाललेले लिनक्स होस्टिंगवर बंद पडले तर आधी लहान-मोठी अक्षरे पाहा. विंडोजला फरक कळत नाही, लिनक्सला कळतो.

फोटो चढवताना पावसात सत्तरीत वीज गेली तर अर्धा फोल्डर मेनूत दिसू लागतो. म्हणून चढवताना फोल्डरच्या नावाआधी अंडरस्कोर ठेवायचा, फोटो मोजून घ्यायचे आणि मगच तो काढायचा.