डासांचा बंदोबस्त पाण्यापासून सुरू करा

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, फार लांब उडत नाही. जिथे जन्मतो तिथून साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. म्हणून दुपारी पायाला चावणारा पट्ट्यापट्ट्यांचा काळा डास बहुतेक वेळा आपल्याच घरातल्या, नाहीतर शेजारच्या पाण्यातून आलेला असतो. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास, एवढा प्रवास उन्हाळ्या-पावसाळ्यात सात ते दहा दिवसांत होतो. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला आरोग्य खातं सांगतं ते याच हिशेबाने. वार ठरवून टाका. ठरलेला वार चुकत नाही, 'वेळ मिळेल तेव्हा' मात्र चुकतो.

पाणी ओतून दिलं की काम झालं, असं मात्र नाही. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. भांडं कोरडं पडलं तरी ही अंडी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून पिंप रिकामं केल्यावर आतली कड काथ्याने किंवा जाड ब्रशने गोल फिरवत घासा, विशेषतः पाण्याची रेघ जिथे उमटलेली असते तो पट्टा. घासलेलं पाणी परत पिंपात राहू देऊ नका, गटारातही सोडू नका; तापलेल्या जमिनीवर ओता. मग पिंप उलटं करून उन्हात वाळवा.

पाणी चार-आठ दिवसांनी येतं अशा गावांत पिंपं रिकामी करा म्हणणं सोपं नाही. तिथे दोन पिंपं आलटून पालटून वापरा म्हणजे एक तरी घासता येतं, आणि दोन्हींवर जुन्या धोतराचं किंवा साडीचं दुहेरी कापड ताणून दोरीने घट्ट बांधा. कापड सैल पडून पाण्याला टेकलं की उपयोग गेला. प्लास्टिक बांधलं तर मधल्या खळग्यात पावसाचं पाणी साचतं आणि अळ्या झाकणावरच वाढतात.

अळ्या आहेत की नाहीत हे बघायला टॉर्च आणि पांढरी ताटली पुरते. सावली पडली की अळ्या खाली बुडी मारतात, तेव्हा मिनिटभर थांबा, मग डावाने पृष्ठभागाचं पाणी हळूच उचलून ताटलीत घ्या. पाण्याला समांतर आडवी पडलेली अळी हिवतापाच्या अ‍ॅनोफेलिसची. तिरकी, डोकं खाली करून लटकलेली असेल तर एडिस किंवा क्युलेक्स या घाण पाण्यातल्या डासाची. स्वल्पविरामासारखा वाकडा जीव दिसला तर तो कोष. त्याचा डास व्हायला दोनेक दिवसच उरलेले असतात, त्यामुळे ते पाणी त्याच दिवशी ओता.

घरातल्या या जागा हमखास राहून जातात:

- फ्रिजच्या मागचा ट्रे. कॉम्प्रेसरच्या उबेने इथे अळ्या भराभर वाढतात. ट्रे निघत नसेल तर स्पंजने पाणी टिपून घ्या.
- मनीप्लांटची आणि बांबूची बाटली. नुसतं पाणी बदलू नका, मुळं नळाखाली धरा आणि काच आतून घासा. सरळ मातीत लावलं तर प्रश्नच मिटतो.
- कुंडीखालची ताटली. जाडी वाळू काठापर्यंत भरा. झाडाला ओल मिळते, डासाला मोकळं पाणी मिळत नाही.
- कूलर. विदर्भात हा मोठाच कारखाना. चालू असताना आठवड्याला टाकी घासा, आणि हंगाम संपल्यावर गवत काढून टाकून टाकी कोरडी करूनच गुंडाळा. नाहीतर अंडी पुढच्या मार्चपर्यंत वाट बघतात.
- गच्चीवरची ताडपत्री, टायर, करवंट्या, रंगाचे रिकामे डबे, पानांनी तुंबलेली पन्हळ.
- क्वचित वापरातलं न्हाणीघर. गणपतीला किंवा दिवाळीला गावी निघताना कमोडचं झाकण लावा, मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावा आणि जाळीखालच्या पाण्यात चमचाभर खाण्याचं तेल सोडा. तेलाचा तवंग आला की अळीला श्वास घेता येत नाही.

इमारतीच्या गच्चीवरची टाकी हा वेगळा विषय आहे. शहरातल्या हिवतापाचा डास, अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी, अशाच स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत वाढतो. झाकण घट्ट बसतं का ते पाहा, आणि जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा. झाकण नवं घेतात आणि तो पाइप उघडा ठेवतात, ही सोसायट्यांतली नेहमीची चूक.

संध्याकाळी कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स घाण पाण्यातला. त्याचं मोठं ठिकाण म्हणजे संडासाची टाकी, आणि बाहेर पडायची वाट म्हणजे तिचा व्हेंट पाइप. पाइपच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी दुहेरी करून तारेने आवळा. सुती कापड लवकर कुजतं. पाइप बंद मात्र करू नका, टाकीतला वायू बाहेर पडला पाहिजे. जाळी सहा महिन्यांनी तपासा. टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने लिंपून घ्या. एवढ्या एका कामाने अनेक वस्त्यांतले डास ठळकपणे कमी होतात, आणि खर्च अगदी किरकोळ येतो.

उपसता न येणारी विहीर, हौद, बागेतली टाकी असेल तर गप्पी मासे सोडा. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या हिवताप विभागात विचारा. ओढ्यात, नदीत, नैसर्गिक तळ्यात मात्र ते सोडू नयेत. तिथल्या मूळच्या माशांना ते भारी पडतात. बीटीआय हे जिवाणूपासून केलेलं अळीनाशकही चांगलं. प्रमाण पुडीवर लिहिलेलं असतं तेवढंच घ्या. ते अळीच्या पोटात गेल्यावर मारतं. कोष काही खात नाही, म्हणून कोष झालेल्या पाण्यावर ते टाकून 'औषध चालत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

धूरफवारणी उडते डास मारते, अळ्यांना काही होत नाही. आठवड्यात नवी फौज हजर होते. ती साथीच्या वेळी हवी, पण फवारणीची गाडी येऊन गेली म्हणून पिंप घासायचं सोडू नका.

आता घरात शिरलेल्या डासांचं. खिडकीच्या जाळीला चौकटीशी फट राहिली तर ती जाळी नाहीच असं समजा. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी दारं-खिडक्या लावा. मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचा, आणि झोपताना हातपाय तिला टेकणार नाहीत इतकी ती मोठी असू द्या. टेकलेल्या अंगाला डास जाळीतून चावतो. लहान मूल दुपारी झोपलं तरी मच्छरदाणीतच झोपवा, कारण एडिस दिवसा चावतो. पंख्याचा झोत पायांकडे ठेवणं साधं वाटतं, पण डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. फवारा मारायचाच तर हवेत नको. पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांमागे मारा, डास तिथे बसतो. नंतर खोली थोडा वेळ बंद ठेवून मग खिडक्या उघडा. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळू नका, दम्याच्या माणसाजवळ तर मुळीच नको. मोबाइलमधल्या 'डास पळवणाऱ्या' आवाजाने डास पळत नाही.

अंगाला लावायला २० ते ३० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम काही तास टिकतं. सिट्रोनेला तेलाचा परिणाम तासाभरातच ओसरतो. उघड्या कातडीवरच लावा, मुलांच्या तळहाताला आणि डोळ्यांभोवती लावू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला असं काही लावायचं नाही, मच्छरदाणीच बरी.

चावल्यावर गांध उठते ती डासाच्या लाळेमुळे. शरीर त्या लाळेवर उलटतं, हिस्टामिन सुटतं आणि खाज येते. जागा साबणाने धुवा, मग फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. खाज राहिली तर कॅलामाइन लावा. घरात काही नसेल तर चमचाभर खाण्याचा सोडा थेंब थेंब पाण्यात कालवून दाट लेप करा, दहा मिनिटांनी धुवून टाका. कोरफडीच्या ताज्या गराने थंडावा मिळतो. चुना लावू नका, कातडी भाजते. टूथपेस्टने क्षणभर गार वाटतं, नंतर आग होते. नखाने फुली मारण्याची सवय सर्वांत वाईट. नखातली घाण आत जाते आणि साधी गांध पिकते. मुलांची नखं कापलेली ठेवा. खूप गांधी उठून झोप लागत नसेल तर सेटिरिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू आला तर घरगुती उपाय थांबवा. ओठ-तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा.

चावल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला तर रक्ताची तपासणी करून घ्या. तोवर तापाला पॅरासिटामॉलच, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका; डेंग्यूत त्याच सुमारास तब्येत बिघडू शकते. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार ग्लानी, यातलं एकही दिसलं तर दवाखान्यात हलवा. आणि तापाचे पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला चावतो, आणि एकाच्या मागे दुसरा आजारी पडतो.