नानचाकू: आधी थांबवायला शिका, मग फिरवा

नानचाकू म्हणजे दोरीनं किंवा साखळीनं जोडलेल्या दोन आखूड दांड्या. त्याचं नाव काढलं की ब्रूस ली आठवतो, आणि ब्रूस ली आठवला की वेग. घरच्या घरी शिकणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच बिनसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून येणारा, ब्रूस ली नानचाकूनं टेबल टेनिस खेळतो तो व्हिडिओ तर २००८ सालची मोबाईलची जाहिरात आहे. त्यात त्याच्यासारखा दिसणारा नट आहे. खुद्द ली १९७३ सालीच वारला. नानचाकू त्याच्या हाती दिला तो त्याचा सहकारी डॅन इनोसांतो यानं. हे हत्यार मूळचं जपानमधल्या ओकिनावा बेटाचं, आणि तिथल्या कोबुदो या शस्त्रविद्येत गरगर फिरवून दाखवण्याला फारसं महत्त्व नाही. मारणं, अडवणं, समोरच्याचं मनगट दोन दांड्यांत पकडून पिळणं, यावर तिथे भर असतो.

दांडी फिरवायला कुणालाही येते. ती हवी तिथे थांबवता येणं हे खरं कौशल्य, म्हणून शिकायचा क्रमही त्याच बाजूनं लावू या.

नानचाकू निवडा

पहिला नानचाकू फोमचाच घ्या. लहान मुलांचा वाटला तरी घ्या. दांडीची लांबी कोपरापासून तळहाताच्या मध्यापर्यंत असावी. मोठ्या माणसासाठी ती साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे १२ इंच भरते. दोरीची लांबी तपासायची जुनी पद्धत सोपी आहे. पंजा आडवा धरून दोरी त्यावर टाका. दोन्ही दांड्या पंजाच्या दोन बाजूंना सरळ लोंबल्या तर माप बरोबर. साखळी जास्त लांब असली की मोकळी दांडी उशिरा वळते आणि अंदाज चुकतो.

फोमला एक खोट आहे. तो हलका असल्यामुळे दांडी हवेत जरा रेंगाळते, आणि त्याच तालाची सवय लागली की लाकडी नानचाकू हातात आल्यावर गडबड होते. म्हणून खाली दिलेले थांबे जमले की गोल लाकडी दांड्यांवर या. अष्टकोनी दांड्यांच्या कडा हाडावर चांगल्याच लागतात, त्यांची घाई नको. पोकळ स्टीलच्या चकचकीत दांड्या शोकेससाठी ठीक.

जागा आणि बचाव

हात वर करून नानचाकू फिरवला की टोक आठ फुटांच्याही वर जातं. फ्लॅटमध्ये नेमका तिथेच पंखा असतो. गच्ची किंवा मैदान उत्तम. चारही बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा हवी, आणि मागून कुणी येणार नाही याची खात्री. घरात क्रिकेटचं सामान असेल तर हेल्मेट आणि अ‍ॅबडॉमिनल गार्ड बिनदिक्कत वापरा. स्केटिंगचे एल्बो पॅडही उपयोगी, कारण सर्वांत जास्त मार कोपरालाच बसतो.

पकड

दांडी मधोमध किंवा थोडी खाली धरा. साखळीजवळ धरली तर ताबा वाढतो आणि जोर कमी होतो. टोकाला धरली तर उलट. अंगठा बोटांवरून नीट वळलेला असू द्या, पण मूठ आवळू नका. आवळलेल्या मुठीत मनगट फिरत नाही, मग सगळं काम खांद्यावर येतं.

काखेतला थांबा

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. उजव्या हातात एक दांडी, दुसरी उजव्या काखेत दाबलेली. ही सुरुवातीची स्थिती आणि शेवटचीही. काख सैल करून हात पुढे टाका, मोकळी दांडी समोर जाऊ द्या. मग हात मागे ओढला की ती दंडाखालून परत येते. तिला काखेमागच्या जाड स्नायूवर टेकू द्या, आणि टेकल्यावरच दंड बरगडीला मिटा.

बहुतेकांचा दंड भीतीनं आधीच मिटतो आणि दांडी कोपराच्या आतल्या हाडावर बसते. करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. थांबायची वेळ डोळ्यांनी ठरवू नका, पाठीला स्पर्श झाला की मिटा. सुरुवातीला इतकं हळू करा, की दांडी जेमतेम परत यावी.

खांद्यावरून हातबदल

आधी न फिरवता शिका. उजव्या हातातली दांडी छातीसमोर धरा, दुसरी उजव्या खांद्यावरून पाठीवर लोंबू द्या. डावा हात उजव्या काखेखालून मागे न्या आणि लोंबणारी दांडी पकडा. ती हाताला लागल्यावरच उजवा हात सोडा आणि डाव्या हातानं खालून पुढे ओढा. आता हेच दुसऱ्या खांद्यावर. हा फेरा न चुकता व्हायला लागला की दांडी खांद्यावर हातानं ठेवण्याऐवजी हलकेच झोका देऊन टाका. मान किंचित विरुद्ध बाजूला झुकलेली ठेवा, नाहीतर कानामागे टपली ठरलेली.

आठाचा फेरा

इंग्रजी आठाचा आकडा हवेत काढायचा: उजव्या खांद्याकडून डाव्या कमरेकडे तिरका वार, तिथे वळण, मग डाव्या खांद्याकडून उजव्या कमरेकडे. कोपर शरीरापासून वीतभर पुढे आणि जवळजवळ स्थिर, काम मनगटाचं. कोल्हापूरकडे मर्दानी खेळात लाठी फिरवलेल्या मंडळींना हे लवकर जमतं. मात्र लाठीचं दुसरं टोकही आपल्या हुकमतीत असतं, इथे ते नसतं. गुडघे सांभाळा.

आठ नुसता फिरवत बसू नका. दोन फेरे घ्या, काखेत थांबा. पुन्हा दोन फेरे, खांद्यावर थांबा. थांबा चुकला की वेग कमी करा. डाव्या हाताला उजव्यापेक्षा थोडा जास्तच वेळ द्या, कारण हातबदल नेहमी कच्च्या हाताकडे अडतो. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी पुरे. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केलंत तर दांडी कुठे उशिरा वळते ते लगेच कळेल; आरशात ते दिसत नाही.

निशाण्यावर मारणं

हवेत फिरवताना नानचाकू गुणी वाटतो. काहीतरी लागलं की तो कुठल्याही दिशेला उसळतो, आणि अनुभवी लोकांना लागतं ते इथेच. दोरीला रिकामी प्लास्टिकची बाटली टांगा आणि हलके मारा. उसळून आलेली दांडी काखेत घेता आली तरच पुढच्या वेळी जोर वाढवा. टायर किंवा पंचिंग बॅगवर लाकडी नानचाकू शेवटी, आणि चेहऱ्यावर संरक्षण असेल तरच.

हाताच्या पाठीवरून दांडी लोळवून पुन्हा पकडणं, हवेत उडवून झेलणं, हे सगळं त्यानंतर. मजा आहे, जरूर शिका. पण शिस्तीची गोडी असेल तर एखादा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा सलग क्रम, शिका. तायरा शिन्केन यांनी विसाव्या शतकात ओकिनावाच्या शस्त्रविद्येची जुळवाजुळव केली. त्यांच्या परंपरेत नानचाकूचाही काता आहे. तो मात्र शिक्षकाकडूनच घ्यावा. व्हिडिओत पावलं दिसतात, वजन कुठल्या पायावर आहे ते दिसत नाही.

सरावाआधी दर वेळी दोरी छिद्राच्या कडेला कुठे झिजली आहे ते पाहा. साखळी असेल तर बेअरिंगचे स्क्रू पिळून बघा. सुटलेली दांडी थेट शेजारच्या गच्चीवर जाते.

नानचाकू नेआण करायचा तर बंद बॅगेतच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा लाठ्या-काठ्यांसह इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगायला बंदी असते. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात हे आदेश हमखास असतात. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट पाठवायचा विचार असेल तर आधी तिथला कायदा पाहा: जर्मनी आणि कॅनडात नानचाकूवर बंदी आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये १९७४ पासून असलेली बंदी न्यायालयानं २०१८ साली रद्द केली.