कॉलेजात असताना अकॅडमिक सीव्ही कसा लिहावा

दिवाळीची सुट्टी संपली की विज्ञान विभागांच्या नोटीस बोर्डावर उन्हाळी संशोधनाच्या जाहिराती दिसू लागतात. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या विज्ञानाच्या तीन अकादम्या मिळून देतात ती दोन महिन्यांची फेलोशिप, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेची उन्हाळी फेलोशिप. कुठे अर्जासोबत, कुठे एखाद्या प्राध्यापकांना थेट ईमेल करताना सीव्ही लागतो. मग घाईघाईत नेटवरून नोकरीच्या रेझ्युमेचा नमुना उतरवला जातो, वरती 'नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा विकास साधणे' असं उद्दिष्ट येतं आणि तिथेच वाचणाऱ्याचा रस संपतो.

हा सीव्ही वाचणारे प्राध्यापक एकच गोष्ट शोधत असतात: या मुलाला किंवा मुलीला दोन महिने माझ्या लॅबमध्ये बसवलं, तर हाताला काय येतं आणि डोक्यात काय आहे? प्रत्येक ओळ लिहिताना हा प्रश्न समोर ठेवा.

पायरी 1: आधी कागद गोळा करा

सगळ्या मार्कशीट, सर्टिफिकिटं, प्रोजेक्टचा रिपोर्ट, सेमिनारची पीपीटी आणि प्रॅक्टिकलची जर्नलं एकत्र काढा. जर्नलं सेमिस्टर संपल्यावर रद्दीत जातात, ती जाऊ देऊ नका. आपण नेमकं कोणतं उपकरण वापरलं, कोणती पद्धत केली, हे सहा महिन्यांनी फक्त तिथेच सापडतं. या सगळ्याची महिना-वर्षासह एक कच्ची यादी करा. सुरेख मांडणीचा विचार आत्ता नको.

पायरी 2: नाव, पत्ता आणि गाळायच्या गोष्टी

आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. सीव्हीवर एकच रूप ठरवा, शक्यतो नाव आधी आणि आडनाव शेवटी, आणि पुढे पोस्टरवर, पेपरवर, ईमेलवर तेच चालवा. ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र मार्कशीटप्रमाणेच भरा. त्याखाली कॉलेज, विभाग, ईमेल, मोबाइल. बस.

वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, रक्तगट, वैवाहिक स्थिती, फोटो यांचं इथे काही काम नाही. ते लग्नाच्या बायोडेटात शोभतं. राखीव प्रवर्गाची माहिती जिथे लागते तिथे फॉर्ममध्ये तिचा वेगळा रकाना असतो. तळाशी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे', ठिकाण, दिनांक, सही हा मजकूरही काढून टाका. पिढ्यान्‌पिढ्या तो नक्कल होत आला आहे, एवढंच.

पायरी 3: शिक्षण

ताजं आधी, जुनं नंतर. पदवी, कॉलेज, विद्यापीठ, वर्ष, गुण. सीजीपीए लिहिताना कितीपैकी तेही लिहा: 8.4 / 10. शेवटचं वर्ष चालू असेल तर 'पाचव्या सेमिस्टरपर्यंत' असं स्पष्ट म्हणा. बारावी एका ओळीत, दहावी विचारली असेल तरच. अर्ज ज्या विषयासाठी आहे त्याला लागून असलेले चार-पाच पेपर नावानिशी द्या, कारण वेगळ्या विद्यापीठातल्या माणसाला तुमचा अभ्यासक्रम माहीत नसतो.

एटीकेटीबद्दल मुलं हमखास विचारतात. नंतर पास होऊन सुटलेली एटीकेटी सीव्हीत लिहायची गरज नाही. फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर मात्र खरं उत्तर द्या. मार्कशीट जोडावी लागतेच, लपत काही नाही.

पायरी 4: प्रोजेक्ट, इथे वेळ घाला

सगळ्यात जास्त विद्यार्थी इथेच स्वतःचं नुकसान करून घेतात. काम चांगलं असतं आणि ओळ अशी असते: 'नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेवर प्रोजेक्ट केला.' यातून काय समजलं? काही नाही.

समजा कोल्हापुरातल्या एका विद्यार्थिनीने तिसऱ्या वर्षाला पंचगंगेवर काम केलं आहे. तिची नोंद अशी व्हायला हवी (सीव्ही बहुधा इंग्रजीत जातो, इथे समजण्यासाठी मराठीत देतो):

'पंचगंगेच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन: प्रयाग चिखली, पंचगंगा घाट आणि इचलकरंजी येथील नमुने, पावसाळ्याआधी व नंतर. विंकलर टायट्रेशनने ऑक्सिजन मोजला, सोबत पीएच व क्लोराइड. नमुने घेणे, टायट्रेशन व आलेख माझे; जागांची निवड मार्गदर्शकांची. तीन जणांचा गट.'

खाली कालावधी आणि मार्गदर्शकांचं नाव. पाच ओळींत पद्धत कळली, आवाका कळला, गटात तुमचा वाटा किती तेही कळलं. निष्कर्ष निघाला असेल तर एका वाक्यात लिहा. नसेल निघाला तर ओढूनताणून काढू नका.

आता या नोंदीवर मुलाखतीत काय येईल? थायोसल्फेट, म्हणजे टायट्रेशनचं द्रावण, कशाने स्टँडर्डाइज केलं? स्टार्च सुरुवातीलाच का घातला नाही, रंग फिकट पिवळा होईपर्यंत का थांबलात? बाटलीत बुडबुडा राहिला तर आकडा वर जाईल की खाली? टायट्रेशन मैत्रिणीने केलं आणि तुम्ही फक्त आकडे उतरवले असतील, तर दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. म्हणून 'माझं काम' या शब्दांत जे बसतं तेवढंच लिहा.

चार वर्षांच्या पदवीत चौथं वर्ष संशोधनासह करणाऱ्यांचा प्रबंध अर्थातच सगळ्यात वर जाईल. ज्यांचा प्रोजेक्टच झालेला नाही, त्यांनी एखादं मोठं प्रॅक्टिकल किंवा सेमिनार याच पद्धतीने उलगडून लिहावा. त्यात कमीपणा काही नाही.

कला शाखेलाही हेच लागू. इतिहासाच्या विद्यार्थ्याने 'मोडी लिपीचे ज्ञान' एवढंच लिहिलं तर ते कितपत आहे कळत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून किती कागद वाचले, कोणत्या काळातले, लिप्यंतर स्वतः केलं का, हे लिहिलं की चित्र स्पष्ट होतं.

पायरी 5: पेपर, पोस्टर, स्पर्धा

छापून आलेला, स्वीकारलेला आणि नुसता पाठवलेला पेपर यांत फरक आहे आणि तो तसाच दिसला पाहिजे. 'तयारीत आहे' ही नोंद तर मसुदा हातात असेल तरच.

पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापून देणारी 'इंटरनॅशनल' नियतकालिकं भरपूर आहेत. मित्राने तिथे छापला म्हणून तुम्हीही छापू नका. जाणकार माणूस नियतकालिकाचं नाव बघतो आणि त्याचं तुमच्याबद्दलचं मत तिथेच बिघडतं. त्यापेक्षा विद्यापीठाच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेतलं साधं पोस्टर कितीतरी बरं, कारण त्यावर कुणीतरी उभं राहून प्रश्न विचारलेले असतात.

बक्षिसांपुढे ती कशाबद्दल, हे अर्ध्या ओळीत सांगा. माधव गणित स्पर्धा गणितवाल्यांना ठाऊक असते, रसायनवाल्यांना नसते. इन्स्पायर शिष्यवृत्ती, जॅम या एमएस्सी प्रवेश परीक्षेची रँक या गोष्टी वर्षासह. एनएसएस, एनसीसी एका ओळीत, ऑनलाइन कोर्समधले परीक्षा देऊन पास केलेलेच.

पायरी 6: कौशल्यं

एमएस-वर्ड, 'टीमवर्क', 'झटपट शिकण्याची तयारी' यांतलं काहीही नको. 'पायथन' लिहिलंत तर त्यात काय केलं ते जोडा: आलेख काढले, की स्वतः प्रोग्रॅम लिहिला? उपकरणाबाबतही तसंच. यूव्ही स्पेक्ट्रोमीटर स्वतः चालवला असेल तर लिहा, सरांनी लांबून दाखवला असेल तर सोडून द्या.

पायरी 7: संदर्भासाठी दोन शिक्षक

ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलं तेच निवडा. प्राचार्यांच्या नावाचा दबदबा कितीही असो, त्यांना तुमचा चेहरा आठवत नसेल तर उपयोग नाही. नाव देण्याआधी विचारा, प्रत्यक्ष भेटून: 'सर, फेलोशिपसाठी अर्ज करतेय, तुमचं नाव दिलं तर चालेल का?' शिफारसपत्रही बहुधा त्यांच्याकडूनच लागेल, तेव्हा शेवटच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी सीव्ही आणि अर्जाची माहिती त्यांच्या हातात द्या. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'मॅडम अर्जंट आहे' म्हणाल तर पत्रही तसंच मिळेल.

पायरी 8: मांडणी आणि पाठवणं

ए-फोर, जास्तीत जास्त दोन पानं, एकच साधा फाँट, रंगीत पट्ट्या आणि कौशल्यांचे तारे नकोत. वर्डमध्ये केलात तरी चालेल. गणित-भौतिकीवाले लाटेक्स या मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात, ओव्हरलीफ या वेबसाइटवर त्याचे तयार नमुने मिळतात. दीड पानात संपत असेल तर संपू द्या.

मग प्रिंट काढा आणि वर्गातल्या एखाद्या खवचट मित्राला द्या. त्याने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून 'म्हणजे काय केलंस?' विचारायचं. उत्तर अडखळलं ती ओळ एक तर सुधारा, नाहीतर खोडा. शेवटी पीडीएफ करा, फाइलला स्वतःचं नाव द्या ('सीव्ही फायनल 3' अशा नावाच्या फायली प्राध्यापकांच्या इनबॉक्समध्ये आधीच ढीगभर असतात), आणि ती पीडीएफ पाठवण्याआधी एकदा मोबाइलवर उघडून पाहा.