ओआहाका पाहायचं तर खेड्यांसकट

मेक्सिकोच्या दक्षिणेकडचं ओआहाका हे जुनं स्पॅनिश वसाहतीतलं शहर दोन दिवसांत उरकणारे पुष्कळ असतात. चर्च, चौक, फोटो, झालं. तसं करू नका. इथले रंग, मातीकाम, जेवण हे सगळं आसपासच्या सापोतेक आणि मिश्तेक या मूळनिवासी लोकांच्या खेड्यांतून येतं. किमान पाच दिवस काढा आणि त्यात एक रविवार येईल असं बघा.

१. आधी तारखा

पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. जुलैच्या उत्तरार्धातल्या दोन सोमवारी गेलागेत्सा हा नाच-गाण्यांचा मोठा उत्सव असतो आणि 31 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर मृतांचा सण. या दिवसांत जायचं असेल तर खोली काही महिने आधी धरा. गर्दी नको असेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन, जपानी किंवा शेंगेन व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघण्यापूर्वी वकिलातीकडून खात्री करून घ्या. मेक्सिको सिटीहून विमानाने तासभर, बसने साडेसहा-सात तास.

२. पहिला दिवस पायी

शहर सुमारे 1,550 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी दमानं घ्या. सोकालो या मुख्य चौकातून मासेदोनिओ आल्काला या पादचारी रस्त्याने सरळ वर चालत गेलं की सांतो दोमिंगो हे चर्च येतं. वाटेत घरांकडे नीट बघा: हिरवट दगड, ठेंगणी बांधणी, जाडजूड भिंती. भूकंपाच्या मुलखात असंच बांधावं लागतं.

सांतो दोमिंगोत शिरताच पुढे वेदीकडे धावू नका. दारातच थांबून मान वर करा. छतावर सोनेरी वेल पसरलेली दिसेल आणि तिच्या फांद्याफांद्यांवर माणसं. हा संत दोमिंगोचा वंशवृक्ष. शेजारच्या मठात आता संग्रहालय आहे. पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना 1932 साली जवळच्या मोन्ते आल्बान या प्राचीन नगरीच्या सातव्या थडग्यात सापडलेले सोन्याचे दागिने तिथे आहेत. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मठामागच्या वनस्पती उद्यानात वाटाड्यासोबतच फिरता येतं. तिथे हॉटेल आणि वाहनतळ होणार होता. चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो आणि गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले, म्हणून ही बाग झाली.

३. दुपारचं जेवण बाजारात

इथलं मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतं. बेनितो हुआरेस आणि वीस नोव्हेंबर हे दोन बाजार लागूनच आहेत. दुसऱ्यात धुराने भरलेली एक गल्ली आहे, तिथे मांस निवडायचं आणि समोरच भाजून घ्यायचं. मोले नेग्रो हा काळा, दाट रस्सा मात्र चुकवू नका. चिल्वाक्ले मिरच्या जवळजवळ काळ्या होईतो भाजतात, मग मसाले, सुकामेवा आणि चॉकलेटसोबत वाटतात. परंपरेने हे वाटण मेताते या दगडावर होतं. आपल्या पाट्या-वरवंट्याची आठवण होतेच. आपल्या ठेच्यातली मिरचीही मूळची मेक्सिकोकडचीच.

शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं. मोलेत बहुधा कोंबडीचा रस्सा असतो, काळ्या घेवड्यात आणि त्लायुदा या मोठ्या कुरकुरीत भाकरीवर डुकराची चरबी असते. ‘सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन आसिएन्तो’ (मांस नको, डुकराची चरबी नको, त्या चरबीचा तळाचा गाळही नको) असं तिन्ही सांगा. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणालात तर मांस जाईल, चरबी राहील. मका आणि कोकोचं, वर फेस आलेलं तेहाते हे थंड पेय बिनधास्त प्या, पण पाणी आणि बर्फ शुद्ध असल्याची विचारपूस करून. नळाचं पाणी नकोच.

४. मग खेडी

सगळ्यात जास्त वेळ तेओतित्लान देल वायेला द्या. हे सापोतेक विणकरांचं गाव, घराघरांत लोकरीचे गालिचे विणतात. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांचा रंग कसा करतात ते दाखवा म्हणा. वाळलेला किडा तळहातावर चुरडला की गर्द लाल उतरतो. त्यावर लिंबू पिळलं की केशरी, चुना लावला की जांभळा. वसाहतीच्या काळात मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीखालोखाल हाच रंग होता. शहरातल्या श्रीमंतीमागे या निवडुंगाच्या मळ्यांचा मोठा हात आहे, हे इथे बसून पटतं.

गालिचा घ्यायचा तर नैसर्गिक रंग कुठला, कृत्रिम कुठला, हे विचारा. एका गालिच्यामागे काही आठवडे गेलेले असतात, घासाघीस आवरती घ्या. काळ्या मातीची भांडी हवी असतील तर सान बार्तोलो कोयोतेपेक, रंगीत लाकडी प्राणी हवे असतील तर सान मार्तीन तिल्काहेते.

५. मोन्ते आल्बान आणि रविवार

मोन्ते आल्बानला दार उघडताच पोहोचा. इसवी सनापूर्वी 500 च्या सुमाराला वसलेल्या या डोंगरावरच्या नगरीत सावली जवळजवळ नाही. रविवार त्लाकोलुलाच्या आठवडी बाजारासाठी राखून ठेवा. शेअर टॅक्सी मिळते, साधारण तासाभराचा रस्ता. सुटे पेसो जवळ ठेवा, मोठी नोट बाजारातल्या विक्रेत्या बायका घेत नाहीत. फोटो काढण्याआधी विचारा, आणि नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली करून त्यांच्याकडून एखादा ताजा, गरम तामाल (पानात गुंडाळून वाफवलेला मक्याच्या पिठाचा पदार्थ) विकत घ्या.