गुन्ह्यांच्या आकड्यांतून बातमी कशी काढावी

२०२० साली भारतात दखलपात्र गुन्हे आदल्या वर्षापेक्षा २८ टक्क्यांनी वाढले. टाळेबंदीचं वर्ष ते. रस्ते ओस, बाजार बंद, माणसं घरात. मग एवढे गुन्हे केले कोणी? उत्तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, त्याच अहवालात होतं, फक्त आतल्या तक्त्यांत. सरकारी आदेश मोडल्याबद्दल तेव्हा लागणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली २०१९ मध्ये साधारण २९ हजार गुन्हे नोंदले होते. २०२० मध्ये ते ६ लाखांवर गेले. चोऱ्या मात्र घटल्या होत्या. ज्यांनी नुसती बेरीज पाहिली त्यांचा मथळा चुकला. कलमनिहाय तक्ता उघडणाऱ्यांना खरी बातमी मिळाली.

पोलिसांकडचा आकडा सांगतो तो पोलिसांनी काय लिहून घेतलं ते. घडलं किती, हा प्रश्न वेगळा. गुन्हे आणि पोलीस या विषयावर डेटा पत्रकारिता करायची तर बहुतेक काम या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत असतं. पुढच्या पायऱ्यांचा क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालेल. पहिली मात्र टाळू नका.

१. एका ओळीचा माग काढा

फाइल उघडण्याआधी तिच्यातली एक ओळ कशी तयार होते ते समजून घ्या. कुणाच्या तरी घरी चोरी झाली. त्याने पोलिसांना कळवलं का? कळवलं तर लिहून घेतलं का? लिहून घेतलं तर चोरी म्हणून, की ‘वस्तू हरवली’ म्हणून? कलम कुणी ठरवलं, नंतर बदललं का, तपास कधी बंद झाला? या प्रत्येक टप्प्यावर काही प्रकरणं गळतात आणि गळती सगळीकडे सारखी नसते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांची तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये हे मोजून पाहिलं. लोकांनी पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा विश्वासार्हतेचा दर्जा काढून घेतला होता. लॉस एंजेलिसमध्ये पत्रकारांनी गुन्ह्यांची वर्णनं आणि वर्गवारी शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा एका वर्षात जवळपास १,२०० हिंसक गुन्हे किरकोळ म्हणून नोंदलेले सापडले. त्यांना कुठलंही भारी सॉफ्टवेअर लागलं नाही. वर्णन एक सांगत होतं, रकाना दुसरंच.

म्हणून नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोला. वरिष्ठ अधिकारी धोरण सांगतात. कोणता रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देत नाही आणि मग तिथे काय ठोकून देतात, हे मात्र त्या खुर्चीवरच कळतं.

२. मोजण्याचा नियम आधी वाचा

एकाच घटनेत दरोडा आणि खून झाला तर एनसीआरबीच्या पद्धतीत ती घटना खुनाखाली मोजली जाते. मुख्य गुन्हा तेवढा धरतात. अमेरिकेत एफबीआयची जुनी पद्धतही सर्वात गंभीर गुन्हाच मोजायची. स्वीडनमध्ये उलटं आहे. तिथे एकाच नात्यात वारंवार झालेला अत्याचार प्रत्येक वेळचा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदतात आणि कायद्यातली व्याख्याही व्यापक आहे. त्यामुळे दोन देशांचे दर शेजारी ठेवून ‘तिथे बलात्कार जास्त’ असं लिहिणं म्हणजे एकाने लिटरमध्ये मोजलेलं दूध दुसऱ्याच्या किलोशी ताडणं.

नियम मध्येच बदलतात तेव्हा तर फारच जपायला हवं. एफबीआयने २०२१ साली फक्त नवी, घटनानिहाय पद्धत स्वीकारली आणि त्या वर्षी जवळपास ४० टक्के पोलीस यंत्रणांची माहिती आलीच नाही. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचीसुद्धा आली नव्हती. अशा वर्षाची आधीच्या वर्षाशी तुलना करणारा आलेख कितीही देखणा असला तरी काढू नका.

एक सोय आहे. खुनाचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा असतो, कारण मृतदेह लपवणं अवघड आणि मृत्यूची नोंद आरोग्य खात्याकडेही वेगळी होते. दोन्ही ताडून पाहा. जिथे विम्यासाठी पोलिसांचा कागद लागतो तिथे वाहनचोरीची नोंदही बरी असते. मारहाण, छेडछाड, घरातला हिंसाचार यांच्या बाबतीत नोंद वाढली म्हणजे कदाचित लोकांची हिंमत वाढली असेल. घरोघरी जाऊन केलेलं पीडितांचं सर्वेक्षण उपलब्ध असेल तर ते जोडीला घ्याच.

३. माहिती मागताना

आधी आकडे मागू नका. माहिती कोणत्या रकान्यांत साठवतात, कोणते संकेतांक वापरतात, त्याची यादी मागा. ती हाती आली की ‘अशी माहिती आमच्याकडे नसते’ हे उत्तर देणं त्यांना जड जातं. नंतरच्या अर्जात रकान्यांची नावं त्यांच्याच शब्दांत लिहा. तयार बेरजा न मागता एकेका घटनेची ओळ मागा, नावं वगळून. घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख दोन्ही मागा. त्या दोहोंतलं अंतर हीच कधीकधी बातमी निघते. भारतात माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, इतर देशांत वेगवेगळी. नकार आला तर अपील करा. बरेच जण इथेच सोडून देतात.

४. फाइल साफ करताना

माझ्या सुरुवातीच्या एका कामात गुन्हे बरोबर दुप्पट आले होते. तक्त्याच्या तळाशी ‘एकूण’ अशी ओळ होती आणि मी तीही बेरजेत धरली होती. छापण्याआधी संपादकांनी नुसतं ‘हे जरा जास्तच नाही वाटत?’ असं विचारलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मूळ अहवालातल्या बेरजेशी माझी बेरीज जुळल्याशिवाय पुढे जात नाही.

१ जानेवारीला किंवा मध्यरात्री बाराला गुन्ह्यांचा ढीग दिसला तर गुन्हेगारांचा मुहूर्त शोधत बसू नका. तारीख-वेळ माहीत नसेल तेव्हा संगणक तीच भरतो. नकाशाचंही तेच. २००९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांच्या नकाशावर शहराच्या ऐन मध्यभागी, पोलीस मुख्यालयाजवळच, गुन्ह्यांचा मोठा ठिपका दिसत होता. पत्ता न सापडलेली प्रत्येक घटना संगणक त्या ठरावीक बिंदूवर टाकत होता. ब्रिटिश पोलिसांच्या खुल्या माहितीत तर ठिकाणं मुद्दामच जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेली असतात, पीडितांचं घर ओळखू येऊ नये म्हणून. तिथे ‘या कोपऱ्यावर सर्वाधिक गुन्हे’ असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

५. भागायचं कशाने?

दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे, हे नेहमीचं माप. पण लंडनच्या जुन्या व्यापारी गाभ्यात, सिटी ऑफ लंडनमध्ये, राहतात साडेआठ हजारांच्या आसपास लोक आणि रोज कामाला येतात काही लाख. रहिवाशांनी भागलं तर तो भाग चोरांचा अड्डा ठरतो. जिथे माणसं येऊन-जाऊन असतात तिथे छेद बदला, किंवा दर देऊच नका.

छोट्या गावात खून एकाचे तीन झाले तर टक्केवारीने २०० टक्के वाढ. तिथे ‘एकाचे तीन’ एवढंच लिहावं.

दोषसिद्धीच्या दरात तर अनेक जण फसतात. भारतात तो निकाल लागलेल्या खटल्यांवर काढतात, नोंदलेल्या गुन्ह्यांवर नव्हे. न्यायालयात वर्षानुवर्षं पडून असलेली प्रकरणं त्यात येतच नाहीत. ‘शंभरातल्या चाळिसांना शिक्षा’ असं लिहिण्याआधी हे शंभर कोण, ते विचारा.

६. पोलीस काय करतात ते मोजा

गुन्हे मोजणं सवयीचं आहे. पोलिसांचं वागणं मोजणं कमी जण करतात. पोलीस एखाद्या समाजाच्या चालकांना जास्त अडवतात का, हा साधा प्रश्न घ्या. लोकसंख्येतल्या वाट्याशी तुलना पुरत नाही, कारण गाडी चालवणारे कोण, कुठल्या वेळी, कुठल्या रस्त्याने, हे कुणालाच नीट ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर छान तोड काढली आहे. संध्याकाळी सातला उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. वेळ तीच, रस्ता तोच, पण अंधारात चालकाचा चेहरा दिसत नाही. अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण अंधारात घटत असेल तर उजेडात दिसणारा चेहरा निर्णयावर परिणाम करत होता असं म्हणायला जागा आहे. तिथल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने सुमारे १० कोटी नोंदी गोळा केल्या, त्यांतल्या संध्याकाळच्या नोंदींवर ही कसोटी लावली आणि प्रमाण अंधारात खरोखरच कमी भरलं. दिवे असलेले रस्ते आणि मोसमाप्रमाणे बदलणारी रहदारी या कसोटीच्या मर्यादा. त्या बातमीतच सांगा.

दुसरी कसोटी झडतीची. ज्या गटाच्या झडतीत काहीच न सापडण्याचं प्रमाण जास्त, त्या गटाची झडती कमी संशयावरून घेतली जात असावी.

७. यादी नसेल तर स्वतः करा

पोलिसांच्या गोळीबारात अमेरिकेत किती माणसं मरतात, याचा भरवशाचा सरकारी आकडाच नव्हता. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून बातम्या, समाजमाध्यमं आणि पोलिसांचे अहवाल चाळून एकेक मृत्यू नोंदवायला घेतला. वर्षाला हजाराच्या आसपास आकडा निघाला, एफबीआयकडच्या नोंदीच्या दुपटीहून जास्त. अशी यादी करायची तर कुणाला धरायचं, कुणाला नाही, हा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवा. कोठडीतला मृत्यू धरायचा का? सुट्टीवरच्या पोलिसाने झाडलेली गोळी? मध्येच नियम बदलला की मागच्या सगळ्या ओळी पुन्हा तपासाव्या लागतात.

८. छापण्याआधी

निष्कर्ष आणि हिशेबाची फाइल पोलिसांना पाठवा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. ‘तुमची प्रतिक्रिया काय’ असं मोघम विचारलं तर मोघमच उत्तर येतं. ‘अमुक ओळीतला आकडा चुकीचा आहे का’ असं विचारा. भाषेतही कस लागतो. अटक झालेला तो आरोपी. न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत गुन्हेगार नव्हे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतात कायद्यानेच गुन्हा आहे. नाव गाळलं तरी गाव, वय आणि तारीख एकत्र आली की गावाला कळतंच, म्हणून लहान आकड्यांचे तक्ते एकत्र करून मोठ्या गटात दाखवा.

आणि उतरवलेली मूळ फाइल तारखेसह जशीच्या तशी जपून ठेवा. पोलीस आकडे मागाहून सुधारतात, कधी गाजावाजा न करता. सहा महिन्यांनी तीच फाइल पुन्हा उतरवा आणि जुनीशी ओळ-ओळ ताडून पाहा.