वजन जास्त, पण ताकद कमी: घरातल्या ज्येष्ठांची तपासणी आणि काळजी

आमच्या आईचे वजन ७२ किलो होते, त्यामुळे तिला अशक्तपणा असेल अशी शंकाही कोणाच्या मनात आली नाही. पूजा आटोपून पाटावरून उठताना ती आधी एक गुडघा जमिनीवर टेकायची, मग देव्हाऱ्याची कड धरायची, आणि आम्ही म्हणायचो, ‘वजन कमी कर.’ तिने एकवेळ जेवून ८ किलो उतरवले. त्यानंतर मात्र आमच्या नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्या तिला आधाराशिवाय उतरता येईनात.

वाढत्या वयात स्नायू झिजण्याला सार्कोपेनिया म्हणतात आणि त्याच्या जोडीला लठ्ठपणा आला, की दोन्ही एकमेकांना वाढवतात. चरबी स्नायूंच्या आतही साठते, शरीरात सौम्य दाह राहतो आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वाधिक शोषून घेणारे स्नायूच कमी झाल्याने मधुमेह आवरणे अवघड होते. शिवाय जड शरीर दुबळ्या पायांवर पेलावे लागते, म्हणून तोल जातो, आणि पडण्याच्या धास्तीने हालचाल आणखी घटते.

तपासणी घरी करता येते. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, ज्येष्ठांनी हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठून बसावे आणि शेजारी उभे राहून कोणीतरी वेळ मोजावा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास स्नायूंच्या दुर्बलतेची शंका घ्यावी. त्यासोबत कंबरेचा घेर मोजावा: भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे तो गेला, तर पोटावरची चरबी जास्त आहे असे समजतात. पोटरीचा घेरही मोजतात, पण लठ्ठ व्यक्तीची पोटरी चरबीनेच भरलेली असू शकते, म्हणून त्यावर मी विसंबणार नाही. खुर्चीचे सेकंद आणि कंबरेचा घेर, ही दोन्ही मापे शंकास्पद आली, तर डॉक्टरांना दाखवावे.

गोल्फ क्लब मैदानावर रोज फेऱ्या मारणे चांगलेच, पण नुसत्या चालण्याने पायांत हवी तेवढी ताकद येत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून, खुर्चीतून उठणे-बसणे, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे आणि भिंतीला तळहात टेकून शरीर पुढे-मागे नेणे, असे व्यायाम प्रत्येकी आठ-दहा वेळा करावेत. सोपे वाटू लागले, की हळूहळू संख्या किंवा भार वाढवावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा दम लागणे जाणवल्यास लगेच थांबावे. हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आहाराच्या बाबतीत आमची चूक झाली ती इथेच. केवळ उपाशी राहून वजन उतरवले, तर त्यातला साधारण चौथा हिस्सा चरबीऐवजी स्नायू आणि इतर ऊतींचा असतो. ज्येष्ठांना शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम, आणि ती तिन्ही जेवणांत विभागलेली बरी. सकाळी चहा-खारी, दुपारी पातळ वरण-भात आणि उपवासाला साबुदाणा, असा क्रम असेल तर ती भरत नाहीत. साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नसतातच. त्याऐवजी मटकीची उसळ (आपल्या मिसळीतलीच, पण तर्री आणि फरसाण टाळून), घट्ट वरण, पिठले, दही, पनीर, सोयाबीन किंवा अंडी घ्यावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. वजन उतरवायचेच असेल, तर कपात तेल, साखर आणि तळणात करावी, ताटातल्या डाळीत नव्हे.

दर तीन महिन्यांनी खुर्चीचे सेकंद, कंबरेचा घेर आणि वजन एकाच वहीत लिहावे. वजन घटत असताना सेकंद वाढू लागले, तर कपात थांबवून ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.